ट्रेलरच्या आतल्या भिंतीत तपासणीचं झाकण कसं बसवायचं

कुठलाच नळ उघडा नाही, तरी रात्री पाण्याचा पंप दोन सेकंद घुरघुरतो आणि थांबतो. थोड्या वेळाने पुन्हा तेच. ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, वापरणाऱ्याने या आवाजाकडे कधीही कानाडोळा करू नये. एक तर पंपातली पाणी मागे येऊ न देणारी झडप गळत असते, नाहीतर पाइपाच्या एखाद्या जोडातून पाणी झिरपत असतं. जोड गळत असेल तर तो सापडेपर्यंत थोडं थोडं पाणी फरशीच्या प्लायमध्ये मुरत राहतं. बहुतेक ट्रेलरांचं आयुष्य असल्याच मुरलेल्या पाण्याने संपतं.

शोधायला जावं तर समोर भिंत. शॉवरच्या नळामागची नटं, वॉटर हीटरच्या बायपासच्या (हीटर वगळून पाणी पुढे नेणाऱ्या) चाव्या, बाहेरच्या शॉवरला जाणारे पाइप, सगळं पातळ प्लायच्या मागे बंद. अमेरिकेत बनणाऱ्या ट्रेलरांचा मोठा वाटा इंडियानातल्या एल्कहार्ट परिसरात तयार होतो. लाकडी सांगाड्याच्या ट्रेलरात तिथले कारागीर बाहेरच्या उघड्या बाजूने पाइप आणि वायरी जोडतात आणि शेवटी वरून पत्रा चढवतात. त्यांना सगळं हाताशी असतं. पुढे पंधरा-वीस वर्षं तो ट्रेलर वापरणाऱ्याला मात्र आतूनच पोचावं लागतं, आणि आतून वाट ठेवलेली नसते. ती वाट, म्हणजे भिंतीत कापलेली एक छोटी खिडकी आणि तिच्यावर सुटणारं तपासणीचं झाकण, आपण करून घ्यावी, आणि अशी करावी की पुढच्या मालकाला ती कारखान्यातूनच आली असं वाटावं. त्यासाठी फार कौशल्य लागत नाही, पण क्रम मोडून चालत नाही.

खरंच कापायला हवं का?

आधी ट्रेलरभर हात फिरवा. पलंगाखालच्या पेटीची मागची फळी, टबाच्या पुढची पट्टी, टॉयलेटशेजारचा खण, स्वयंपाकाच्या कट्ट्याखालचे ड्रॉवर, या सगळ्यांमागे पोकळी असते. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढला की कित्येकदा पंप समोर दिसतो. कारखान्यातून आलेली सुटणारी फळी ओळखण्याची एक खूण आहे. तिच्या कडेला चौकोनी खाचेचे स्क्रू असतात, काही वेळा त्यांवर पांढऱ्या प्लास्टिकच्या टोप्या असतात. या स्क्रूंना २ नंबरचा चौकोनी बिट लागतो, तो एक घेऊन ठेवाच. पिनांनी ठोकलेली आणि डिंकाने चिकटवलेली फळी मात्र ओढून काढायला जाऊ नका. तिचा दर्शनी कागद फाटतो आणि मग जोडून मिळत नाही.

ट्रेलर वॉरंटीत असेल तर पातं हातात घेण्याआधी डीलरला विचारा. एवढ्या एका कारणावरून पुढचा दावा अडू शकतो.

भिंत कुठल्या जातीची आहे

याचं उत्तर मिळेपर्यंत पुढे जाऊ नका. बाहेरून नालीदार अॅल्युमिनियमचा पत्रा असेल तर आत बहुधा दीड बाय दीड इंचाच्या लाकडी पट्ट्यांचा सांगाडा असतो, मधे काचतंतूंची मऊ भर आणि आतल्या बाजूने १/८ इंचाचा, म्हणजे साधारण ३ मिमी जाडीचा लुआन प्लाय. त्यावर फुलाफुलांचा किंवा लाकडी रेषांचा कागद किंवा व्हिनाइल चिकटवलेलं असतं. या भिंतीत आतून काम करता येतं.

बाहेरून गुळगुळीत फायबरग्लास असेल तर बाहेरची भिंत बहुधा चिकटवून केलेला एकसंध थर असते: फायबरग्लास, प्लाय, फोमचा ठोकळा आणि अॅल्युमिनियमच्या चौकोनी नळ्या, पुन्हा प्लाय. तिची ताकद त्या चिकटण्यातच असते. तिच्यात खिडकी पाडली की तो थर तुटतो, आणि आत पाणी शिरलं तर थर सुटत जातात. म्हणून अशा ट्रेलरमध्ये बाहेरच्या भिंतीला हात लावायचा नाही. खोल्यांमधल्या आडव्या भिंती, कपाटांच्या पाठी आणि पेट्यांच्या फळ्या एवढ्याच आपल्या. एअरस्ट्रीमच्या गोलसर ट्रेलरांना आतूनही रिव्हेट मारलेला अॅल्युमिनियमचा पत्रा असतो. ते काम वेगळं, या लेखातलं काहीच तिथे लावू नका.

कपाटाच्या पाठीला ठोकून पाहा. पोकळ आवाज सलग येतो आणि एका उभ्या रेषेत भरीव होतो, तिथे पट्टी. घरांमध्ये पट्ट्या साधारण १६ इंचांवर असतात, पण ट्रेलरमध्ये त्या खिडक्या आणि कपाटं पाहून कुठेही ठोकलेल्या असतात, म्हणून हिशोबावर विसंबू नका. एक छोटं जोरकस लोहचुंबक भिंतीवरून सरकवलं की पिना आणि स्क्रूंच्या ओळी पकडता येतात. सापडलेली पट्टी मास्किंग टेपने भिंतीवरच आखून ठेवा. कुठलीही पट्टी कापायची नाही, आपली खिडकी दोन पट्ट्यांच्या मधेच बसली पाहिजे.

जिथे कधीच कापायचं नाही

गॅसवर चालणाऱ्या फ्रिजच्या मागची जागा राहत्या भागापासून मुद्दाम बंद केलेली असते. तिथे ज्योत जळते आणि जळलेला वायू बाहेरच्या जाळीतून जातो. आतून त्या जागेत भोक पाडलं तर कार्बन मोनॉक्साइड झोपायच्या जागेत येऊ शकतो. या वायूला वास नसतो. फर्नेस (ट्रेलर उबदार ठेवणारी गॅसची भट्टी) आणि वॉटर हीटरच्या जळणाच्या पेटीलाही हाच नियम. हीटरच्या मागे पाण्याचे पाइप जिथे आहेत तिथपर्यंत पोचायला हरकत नाही, पण हीटर जिथे बाहेरच्या भिंतीला बसवला आहे तिथलं सील उकरायचं नाही.

फर्नेसच्या पुढची जाळीही तशीच ठेवा. तिच्यातून फर्नेस परतीची हवा ओढते. दिसायला बरी म्हणून तिथे सपाट झाकण लावलं तर फर्नेस तापून बंद पडते. छत, चाकांवरचे कप्पे आणि बाहेर सरकणाऱ्या खोलीच्या भिंती यांच्याही वाटेला जाऊ नका.

वीज, गॅस, पाणी

ट्रेलरमध्ये दोन विजा असतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही. एक बाहेरून केबलने येणारी १२० व्होल्टची, दुसरी बॅटरीची १२ व्होल्टची. केबल काढली तरी बॅटरी चालू असते, आणि बॅटरी काढली तरी केबल जोडलेली असेपर्यंत कन्व्हर्टर १२ व्होल्ट पुरवत राहतो. म्हणून दोन्ही बंद करायचं. आधी केबल काढा, इन्व्हर्टर असेल तर तो बंद करा. छतावर सोलर असेल तर पॅनेलची वायर कंट्रोलरपासून आधी तोडा, आणि मग बॅटरीची ऋण बाजू सोडवा.

रंगांवर भरवसा ठेवू नका. १२० व्होल्टच्या केबलमध्ये काळी वायर जिवंत आणि पांढरी न्यूट्रल असते. ट्रेलरच्या १२ व्होल्टमध्येही पुष्कळदा काळी धन आणि पांढरी ऋण असते. गाडीच्या वायरिंगची सवय असलेला माणूस काळी म्हणजे ऋण धरून चालतो आणि फसतो. आणखी एक: वायरीजवळ नेल्यावर पेटणारा पेनासारखा टेस्टर फक्त १२० व्होल्ट ओळखतो. १२ व्होल्टसाठी मल्टिमीटरच लागतो.

गॅसच्या टाक्यांच्या चाव्या बंद करा. बॅटरी सोडवली की गॅसगळती सांगणारा अलार्मही बंद पडतो, हे त्यामागचं आणखी एक कारण. गॅसची नळी बहुतेक ठिकाणी फरशीखालून येते, पण शेगडी, फ्रिज, फर्नेस आणि हीटर यांच्याजवळ ती वर चढते. शेवटी पंप बंद करून सगळ्यांत खालचा नळ उघडा म्हणजे पाइपातला दाब जाईल. हीटर गरम असेल तर तो निवेपर्यंत थांबा.

जागा आणि माप

एक नेहमीचं उदाहरण धरू: शॉवरचा नळ. तो ज्या भिंतीवर आहे तिच्या पलीकडे बहुतेक ट्रेलरांत कपड्यांचं कपाट असतं. खिडकी त्या कपाटात पाडायची. शॉवरच्या आत कधीच नाही, कारण तिथे कितीही चांगलं सील केलं तरी रोज पाणी मारलं जातं. नळाच्या मध्यबिंदूचं फरशीपासूनचं आणि कोपऱ्यापासूनचं अंतर शॉवरच्या बाजूने मोजा, मग तेच कपाटात मोजून खूण करा. दोन्हीकडे फरशीची उंची सारखी नसते, शॉवरचा तळ चार-पाच इंच वर असू शकतो. दाराची चौकट किंवा काचेच्या खिडकीची खालची कड असा दोन्हीकडून दिसणारा एखादा संदर्भ घेतला तर चूक होत नाही.

माप नळाच्या आकारावरून ठरवू नका. आत जाणाऱ्या हातावरून ठरवा. ट्रेलरच्या शॉवर नळाला मागे ४ इंच अंतरावर दोन शेपट्या असतात आणि त्यांवर हाताने फिरवायची प्लास्टिकची नटं. नुसती नटं आवळायची असतील तर ८ बाय ८ इंच पुरतं. पण गळती पेक्स (लवचीक प्लास्टिकच्या) पाइपाच्या तांब्याच्या कडीतून असेल, तर ती कडी कापून नवी दाबावी लागते. कडी दाबायच्या पकडीचे दोन्ही दांडे आत फाकवायला जागा लागते. अशा वेळी १० बाय १२ इंचांपेक्षा लहान खिडकी करण्यात अर्थ नाही. पुठ्ठ्याला तेवढं भोक पाडा, तो नळासमोर धरा, आणि हातात पकड घेऊन हात कोपरापर्यंत घालून पाहा. या पाच मिनिटांनी पुढची डोकेदुखी वाचते.

तयार झाकण वापरायचं असेल तर ते आधी विकत आणा आणि मगच कापा. प्लास्टिकची चौकटीसह झाकणं हार्डवेअरच्या दुकानात मिळतात; ६ बाय ९, ८ बाय ८, १४ बाय १४ इंच ही त्यांतली नेहमीची मापं. बोटींच्या दुकानात फिरवून उघडायची गोल झाकणं मिळतात. त्यांना आत रबराची कडी असते, त्यामुळे ओलसर जागी ती सगळ्यांत चांगली. मात्र ४ इंची गोल झाकणाला भोक ४ इंचांपेक्षा मोठं लागतं, म्हणून पाकिटावर छापलेलं कापायचं माप बघूनच आखा.

आधी डोकावा

आखलेल्या चौकोनाच्या मधोमध अर्ध्या इंचाचं एकच भोक पाडा. ड्रिलच्या बिटाला टोकापासून ३ मिमीवर टेपची पताका गुंडाळा. पताका भिंतीला टेकली की थांबायचं. शेवटचा थर बिटाने फोडण्यापेक्षा हाताने, खिळ्याच्या टोकाने फोडलेला बरा. मग फोनला जोडायचा बारीक कॅमेरा आत घालून चारही बाजूंना फिरवा. वायर, पाइप, पट्टी, नळी जे दिसेल ते भिंतीवर पेन्सिलने उतरवून घ्या. आखलेल्या रेषेच्या मागे काही चिकटून असेल तर रेषा हलवा. कापलेला तुकडाच पुढे झाकण म्हणून वापरायचा असेल तर हे भोक वाया जात नाही, त्यात पितळेची किंवा प्लास्टिकची बोटखोबण छान बसते.

जुन्या ट्रेलरमध्ये राखाडी रंगाचे पॉलिब्युटिलीनचे पाइप दिसले तर त्यांना धक्का लावू नका. हे पाइप १९७८ ते १९९५च्या सुमारास अमेरिकेत सर्रास वापरले गेले, आणि आता ते ठिसूळ झालेले असतात. अशा ट्रेलरमध्ये खिडकी मोठीच करा, कारण आज ना उद्या तो पाइप बदलावा लागणार.

कापणं

रेषेवरून रुंद मास्किंग टेप लावा आणि त्यावर पुन्हा आखा. टेपमुळे रेषा ठळक दिसते आणि व्हिनाइलची कड उचकटत नाही. चारही कोपरे गोल ठेवा. प्रत्येक कोपऱ्यात आतल्या बाजूला पाऊण इंचाच्या होल सॉने भोक पाडलं की आपोआप गोलाई मिळते. टोकदार कोपऱ्यातून ट्रेलर धावताना प्लायला चीर जाते, गोल कोपऱ्यात ताण वाटला जातो.

मागे वायर असण्याची जरा जरी शंका असेल तर माझा भरवसा नव्या पात्याच्या साध्या कटरवर आणि लोखंडी पट्टीवर आहे. पट्टी घट्ट धरून हलक्या हाताने ओढत राहा. पहिल्या ओढीत व्हिनाइल कापलं जातं, पुढच्या दोन-तीन ओढींत वरचा थर. मधला थर उलट्या रेषांचा असतो, तिथे पातं अडखळतं आणि खरखर आवाज येतो. तो पार झाला की एकदम मऊ लागतं. तिथून दाब निम्मा करायचा. रेषांच्या दिशेने प्लाय लवकर कापला जातो, आडवा कापायला दुप्पट ओढी लागतात. वेळ लागतो, पण पातं कधीच ३ मिमीच्या फार पलीकडे जात नाही.

मागची जागा मोकळी आहे हे कॅमेऱ्यात दिसलं असेल तर थरथरणारं मल्टिटूल वापरा. आधी कटरने व्हिनाइल कापून घ्या, मग मल्टिटूलचं सरळ पातं त्या खाचेत टेकवून थोडं थोडं आत घाला. पात्यावर खोलीची टेप लावली तरी ती नुसती दिसते, थांबवत नाही. पात्याच्या अंगाला लाकडाचा ठोकळा घट्ट बांधला तर तो खरंच थांबवतो. जिगसॉ मी फक्त दोन्ही बाजूंनी दिसणाऱ्या फळीसाठी वापरतो. त्याचं पातं वरखाली होताना इंचभर तरी मागे जातं, आणि मागे काय आहे हे ते विचारत नाही. जिगसॉ वापरलाच तर उलट्या दातांचं बारीक पातं लावा आणि त्याच्या तळाला टेप चिकटवा, म्हणजे व्हिनाइलवर ओरखडे येणार नाहीत.

कापताना व्हॅक्युमची नळी शेजारी धरून ठेवायला कुणालातरी सांगा, आणि चांगला मास्क लावा. ट्रेलरांच्या प्लायमधल्या फॉर्मल्डिहाइडची चर्चा २००५च्या कॅट्रिना वादळानंतर लोकांना राहायला दिलेल्या ट्रेलरांमुळे अमेरिकाभर झाली. आता नियम कडक आहेत, पण भुसा नाकात जाऊ देणं तरीही बरं नव्हे. आतली काचतंतूंची भर उघड्या हाताने धरू नका. तिचा तुकडा नीट कापून बाजूला ठेवा, तो परत लावायचा आहे.

मागच्या पट्ट्या

झाकण डुगडुगतं किंवा गळून पडतं ते इथे घाई केल्यामुळे. ३ मिमी प्लायमध्ये स्क्रू धरत नाही, दोनदा काढला-लावला की भोक खाऊन टाकतो. म्हणून खिडकीच्या मागून अर्धा इंच जाडीच्या प्लायच्या पट्ट्या चिकटवायच्या. रुंदी दीड इंच, लांबी खिडकीपेक्षा दोन-तीन इंच जास्त. पट्टी तिरकी करून आत घाला. तिची अर्धी रुंदी भिंतीमागे आणि अर्धी खिडकीत दिसेल अशी धरा, सुताराचा डिंक लावा आणि स्प्रिंगच्या चिमट्यांनी दाबून ठेवा. भिंतीच्या मागच्या बाजूला व्हिनाइल नसतं, कोरं लाकूड असतं, म्हणून साधा सुतारी डिंक घट्ट धरतो. रात्रभर सोडा.

स्क्रूची लांबी मोजून घ्या. झाकण खिडकीच्या आत भिंतीशी सपाट बसत असेल तर ३ मिमी झाकण आणि १२ मिमी पट्टी मिळून १५ मिमी होतात, तिथे अर्ध्या इंचाचा स्क्रू. झाकण भिंतीवर बाहेरून चढत असेल आणि ५ मिमी जाड असेल तर एकूण २० मिमी, तिथे पाऊण इंचाचा. यापेक्षा लांब स्क्रू पलीकडे निघतो, आणि मागून जाणाऱ्या पाइपावर हळूहळू घासत राहतो.

झाकण आणि कड

कापलेला तुकडाच झाकण केला तर भिंतीची नक्षी जुळते. पात्याने खाल्लेली फट झाकायला झाकणाच्या चारही कडांना पातळ बीडिंग पट्टी चिकटवा, ती भिंतीवर अर्धा इंच चढेल अशी. ट्रेलरच्या सुट्या भागांच्या दुकानात भिंतीच्याच रंगाच्या जोडपट्ट्या मिळतात.

नुसत्या चुंबकी खटक्यांवर उभं झाकण सोडू नका. खड्ड्यांच्या रस्त्यावर ते सुटून कपड्यांत पडतं. खालच्या कडेला मागून एक जीभ लावा, ती भिंतीमागे अडकेल. वरच्या कडेला दोन स्क्रू किंवा फिरवायची दोन लाकडी बटणं. दर हिवाळ्यात उघडावं लागणारं झाकण, म्हणजे हीटरच्या बायपासचं, असेल तर पट्टीत पितळेचे आट्यांचे बूश बसवून त्यात मशीन स्क्रू लावा, ते वर्षानुवर्षं झिजत नाहीत. मिशिगन किंवा मिनेसोटात राहणाऱ्यांना थंडीआधी पाइपात गुलाबी अँटिफ्रीझ (गोठू न देणारं द्रव) भरण्यासाठी या चाव्यांपर्यंत जावंच लागतं. बायपास केला नाही तर ६ गॅलनची टाकी भरण्यातच सगळं अँटिफ्रीझ खर्च होतं.

प्लायच्या कोऱ्या कडा तशाच ठेवू नका. बारीक पॉलिश पेपर फिरवून पाण्यात मिसळणाऱ्या पॉलियुरेथेनचे किंवा शेलॅकचे दोन हात द्या, खिडकीच्या कडांनाही आणि झाकणाच्याही. उघड्या कडेतून प्लाय ओल ओढतो आणि थर फुगतात. बाहेरच्या भिंतीत खिडकी असेल तर भरीचा तुकडा झाकणाच्या मागे चिकटवा आणि भोवती फोमची मऊ पट्टी लावा, नाहीतर थंडीत झाकणावर आतून दव धरतं. सिलिकॉनने मात्र झाकण चिकटवू नका. पुढच्या वेळी ते उघडताना भिंतीचं व्हिनाइल सोबत निघतं.

आत वायरींच्या जोडांचा डबा सापडला तर तो झाकणामागेच, हाताला येईल असा राहू द्या. अमेरिकेच्या वीज नियमांप्रमाणे असा डबा भिंत न फोडता उघडता आलाच पाहिजे. पाइप जिथे फरशीतून वर येतात तिथल्या फटींत तांब्याची जाळी खुपसा, उंदीर तिथूनच शिरतात. लोखंडी जाळी ओलीने गंजते.

आता पंप चालू करा, नळ बंद ठेवा, आणि खिडकी उघडी ठेवून प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर धरा. पंप तासभर गप्प राहिला तर झाकण लावा. झाकणाच्या मागच्या बाजूला पेनने लिहून ठेवा: आत काय आहे, कुठली चावी कुठल्या बाजूला फिरते, कुठली वायर कशाची, आणि कापल्याची तारीख. पहिल्या लांबच्या प्रवासानंतर चौकोनी बिट घेऊन सगळे स्क्रू एकदा तपासा, सैल झालेला पाव फेरा आवळा, आणि झाकण काढून आत हात फिरवून ओल लागते का ते पाहा.